घर पहावं दुरुस्त करून : आधी ओल, मग थर्माकोल

गच्चीच्या उष्णतेवर मागं लिहिलं तेव्हा शेवटी सहज विचारलं होतं की कोणाच्या घरी तळघर आहे का, असेल तर कळवा. वाटलं दोन-चार मेसेज येतील. इथं तर तळघरांचं पेवच फुटलंय, जुळे सोलापूरपासून बाळीवेशीपर्यंत, आणि एक पत्र थेट शिकागोच्या भानगडीचं. सगळ्यांचं छापणं शक्य नाही, बाकीच्यांनाही उपयोग होईल असे प्रश्न घेतलेत, नावं गाळलीत.

प्रश्न : सर, जुळे सोलापुरात आमचा बंगला आहे. खाली अर्धं तळघर आहे म्हणजे साधारण पाच फूट जमिनीत आणि चार फूट वर. आतापर्यंत नुसती अडगळ होती, आता पोरांची अभ्यासाची खोली आणि टीव्ही तिथं करायचं चाललंय. उन्हाळ्यात पश्चिमेची भिंत संध्याकाळी सातला सुद्धा गरम लागते, आणि पावसाळ्यात उलटंच, कुबट वास, गादीला बुरशी, एका बाजूला खालच्या दोन फुटात पुट्टीचे पोपडे. ठेकेदार म्हणतो चारी भिंतींना थर्माकोल मारू, वरून पीव्हीसी पॅनेल, खाली व्हिनाईल आणि दीड टनाचा एसी, खोली हॉटेलसारखी होईल. करून टाकू का?

उत्तर : थांबा जरा. ठेकेदार खोटं बोलत नाही, पहिला एक उन्हाळा खोली खरंच हॉटेलसारखी राहील. पण ती बुरशी आणि पोपडे कुठं जाणार? पॅनेलच्या मागं. आत्ता डोळ्याला दिसतंय म्हणून तुम्ही मला विचारताय, उद्या ते झाकलं की वास तेवढा राहणार आणि प्लायच्या पट्ट्यांना वाळवी लागली की मगच कळणार. तळघराचं काम असलं की क्रम ठरलेला आहे, आधी पाणी, मग हवा, मग इन्सुलेशन. आपल्याकडं बरोबर उलटा चालतो कारण इन्सुलेशन विकायला माणूस आहे, भिंतीबाहेरची माती उकरून द्यायला कोणी येत नाही.

पहिलं पाणी कुठून येतंय ते शोधा. पोपडे ज्या भिंतीला आहेत तिच्या पलीकडं काय आहे? माझा अंदाज, पोर्चखालचा हौद. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही म्हणून प्रत्येक घरात हौद मोठा, आणि जागा वाचवायला तो तळघराच्या भिंतीलाच चिकटवलेला, कधी कधी तर भिंत दोघांत एकच. नळ येऊन गेला की दुसऱ्या दिवशी भिंत काळी पडते का आणि पुढच्या पाळीपर्यंत परत सुकत जाते का एवढं बघा. शास्त्रशुद्ध सांगायचं तर हौद रिकामा ठेवून बघा म्हणायला पाहिजे पण ते सोलापूरकराला सांगायची माझी हिंमत नाही. त्याच्यापेक्षा रात्री मोटर बंद करून, हौदाचा व्हॉल्व्ह बंद करून, पाण्याच्या पातळीला खिळ्यानं बारीक रेघ मारून ठेवा. सकाळी पाणी वापरायच्या आधी बघा. रेघेच्या खाली उतरलं असेल तर चोर सापडला, मग तळघराच्या आतून कितीही केमिकल मारा, उपयोग नाही, हौद आतून दुरुस्त करायचा, कोपरे गोल घेऊन, पिण्याच्या पाण्याला चालणारं वॉटरप्रूफ कोटिंग करून.

हौदाचा दोष नसेल तर मग माती. जुळे सोलापूर, विजापूर रोड या सगळ्या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते हे तुम्ही शेतात बघितलंय. घराभोवती पण तेच होतं. मे महिन्यात भिंतीच्या कडेला जाऊन बघा, माती भिंत सोडून मागं सरकलेली असते, बोटं आत जातील एवढी फट. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला की ते पाणी कुठं जिरत नाही, सरळ त्या फटीतून भिंतीच्या पायापर्यंत. त्यात गच्चीचा पावसाळी पाइप तिथंच सोडलेला, वर हौसेनं भिंतीला लागून मोगऱ्याचा वाफा आणि त्याला रोज पाइपनं पाणी. यावर उपाय स्वस्त आहे पण कष्टाचा, भिंतीलगत निदान तीन फूट रुंद काळी माती काढायची, मुरूम भरायचा, पाणी मारून धुम्मसनं थरावर थर ठोकायचा आणि वर पीसीसी म्हणजे सळ्या नसलेलं साधं काँक्रीट करायचं, भिंतीकडून बाहेर उतार देऊन, तीन फुटाला इंचभर तरी. पावसाळी पाइपाचं पाणी त्याच्याही पुढं नेऊन सोडायचं. वाफा हलवा. हे केल्यावर एक पावसाळा जाऊ द्या. तरी ओल राहिली तर मग बाहेरून खोदून भिंतीला वॉटरप्रूफिंग, शहाबादी लावून बॉक्स टाइप करतात तसं किंवा मेंब्रेन, पण बांधून झालेल्या घराला ते महाग आणि त्रासाचं, म्हणून ते शेवटी.

पावसाळ्यातली ओल भिंतीतून येत्येय की हवेतून, हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिकचा कागद घ्या, भिंतीच्या पोपडे नसलेल्या भागाला चारी बाजूंनी टेप मारून घट्ट चिकटवा, एक अख्खा दिवस राहू द्या. कागदाच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडं, थेंब दिसले तर पाणी भिंतीतून झिरपतंय. वरच्या, खोलीकडच्या बाजूला दमटपणा आला तर ते हवेतलं बाष्प आहे. बऱ्याच घरात दोन्ही सापडतं.

हवेतलं बाष्प हा प्रकार लोकांना पटत नाही. पावसाळ्यात बाहेर समजा २८ डिग्री आणि ८० टक्के आर्द्रता आहे, तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी व्हायला लागतं ते, २४ च्या आसपास येतो. तुमची जमिनीतली भिंत २६ ला असेल तर तिच्यावर थेंब दिसणार नाहीत, पण भिंतीला टेकलेली हवा जवळपास ९० टक्के दमट झालेली असते आणि बुरशीला थेंब लागत नाहीत, एवढं पुरतं. आणि आपण काय करतो, वास येतोय म्हणून खिडक्या सताड उघडून पंखा लावतो, म्हणजे आणखी दमट हवा आत. पावसाची झड असताना तळघर बंद ठेवायचं, उघडायचं ते थंडीत आणि उन्हाळ्यात रात्री-पहाटे, तेव्हा सोलापूरची हवा एवढी कोरडी असते की फुकटात भिंती वाळतात. पाच-सातशे रुपयांत मिळणारं आर्द्रता मीटर घेऊन ठेवा, ६० च्या खाली राहिलं की निर्धास्त. आणि एक, कूलर तळघरात चालवू नका. वरच्या मजल्यावर तो देवमाणूस आहे, बंद तळघरात तो रोज बादल्यांनी पाणी हवेत ओततो.

आता हवा. तुमचं तळघर अर्धं वर आहे म्हणजे झडपा असतील, त्या लोखंडी चौकटीच्या, एक पण नीट बसत नसेल. शिवाय वायरिंगचे पाइप, ड्रेनेज बाहेर जातं ते भोक, जुन्या एक्झॉस्टचं भोक, जिन्याच्या दाराखालची फट. मे महिन्यात दुपारी ४२-४३ डिग्रीचा वारा यातून आत येतो आणि मग तुम्ही एसीला नावं ठेवता. शोधायला अगरबत्ती पुरे. सगळं बंद करायचं, बाथरूमचा किंवा कुठलाही एक एक्झॉस्ट चालू ठेवायचा आणि पेटलेली अगरबत्ती प्रत्येक सांध्याजवळून हळूहळू फिरवायची, धूर जिथं एकदम आडवा होऊन खोलीत घुसतो तिथं खडूची खूण करायची. पडदे-गाद्या लांब ठेवून, हे वेगळं सांगायला नको. बारीक फटींना सिलिकॉन किंवा ॲक्रिलिक सीलंट, पाइपाच्या भोवतीच्या मोठ्या भोकाला फवारल्यावर फुगणाऱ्या पीयू फोमचा कॅन, झडपांना रबरी बीडिंग, दाराच्या खाली ब्रशवाली पट्टी. एका रविवारचं काम आहे, पोरांना लावा कामाला, धूर कुठं वळतो ते बघायला त्यांना मजा येते. एवढ्यानंच बराच फरक पडेल.

आणि सगळ्यात शेवटी तुमचा थर्माकोल. तो चारी भिंतींना अजिबात नको. जमिनीत खोल गेलं की तापमान वर्षभराच्या सरासरीच्या जवळ राहतं, सोलापूरला ती साधारण २७ डिग्री. वरच्या काही फुटात उन्हाळ्यात जरा जास्त, तरी बाहेरच्या ४३ पेक्षा किती कमी बघा. म्हणजे जमिनीला टेकलेली तुमची भिंत आणि फरशी हा मे महिन्यातला फुकटचा गारवा आहे, त्याच्यापुढं थर्माकोल उभा करणं म्हणजे पैसे देऊन गारवा बाहेर ठेवणं. उष्णता अडवायची ती फक्त वरच्या चार फुटात, आणि त्यातही पश्चिम आणि दक्षिण. ती आतून अडवण्यापेक्षा बाहेरून अडवलेली बरी. दोन इंची एक्सपीएसची (थर्माकोलच्याच जातीचा, पण घट्ट फोम) शीट बाहेरून चिकटवून, फायबरची जाळी आणि पॉलिमर गिलावा. नऊ इंची विटेची भिंत जेवढं अडवते त्याच्या निदान चारपट ती शीट अडवते. शीट जमिनीच्या सहा इंच वर थांबवा, मातीत नेलीत तर वाळवीला आयता बोगदा. हे बजेटमध्ये बसत नसेल तर त्या भिंतीपुढं नुसती सावली करा, छज्जा वाढवा, वेल चढवा, बाहेरून पांढरा रंग द्या. मला विचाराल तर आधी सावलीच करा आणि एक उन्हाळा बघा, कदाचित शीटची गरजच पडणार नाही.

एक जागा मात्र सगळे विसरतात. तळघराचा काही भाग पोर्चच्या किंवा ओट्याच्या खाली गेलेला असतो का? असेल तर त्याच्या डोक्यावर घर नाही, उघडा स्लॅब आहे, म्हणजे ती गच्चीच झाली. दुपारी त्यावर अनवाणी उभं राहून बघा म्हणजे खाली गरम का होतं कळेल. तिथं वॉटरप्रूफिंग आणि त्यावर इन्सुलेशन, मग कोबा आणि फरशी, गच्चीला करतो तसंच.

हे सगळं झालं की एसी एक टनाचा पुरेल का दीडचा ते मोजून ठरवा. २६ वर चालवा. पीव्हीसी पॅनेल आणि व्हिनाईल टाळा, आपल्या हवेत आतल्या बाजूला प्लास्टिक लावलं की भिंतीतली ओल मागं अडकते. साधा गिलावा आणि श्वास घेणारा रंग. खाली फरशी आहे ती राहू द्या.

प्रश्न : एसीच्या कॉपर पाइपासाठी भिंतीला मोठं भोक पाडलंय, पाइपाभोवती तीन बोटं जागा आहे, चिमण्या येतात. पांढरं सिमेंट भरू का एम-सील?

उत्तर : दोन्ही नको. सिमेंट भरलं की पुढच्या सर्व्हिसला पाइप काढायचा म्हणजे छिन्नी-हातोडा. पीयू फोम मारा, पण थोडाच, तो फुगून दुप्पट-तिप्पट होतो आणि हाताला लागला तर आठ दिवस निघत नाही, हातमोजे घाला. वाळला की ब्लेडनं सपाट कापा आणि बाहेरच्या बाजूला त्यावर गिलाव्याचा किंवा रंगाचा हात द्या, फोम उन्हात पिवळा पडून भुगा होतो. पाइपाचं भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं असू द्या. चिमण्यांना बाहेर घरटं करून द्या, त्यांचा काय दोष.

प्रश्न : दादा, मी होटगी रोडला राहते. माझी मुलगी आणि जावई शिकागोजवळ असतात, त्यांनी जुनं घर घेतलंय, खाली पूर्ण बेसमेंट आहे. थंडीत बेसमेंट तर गारठतंच पण वरच्या हॉलमध्ये पण पाय गार पडतात म्हणे आणि गॅसचं बिल बघून दोघं भांडतात. जावई म्हणतात यूट्यूब बघून मी स्वतः भिंतीला काचेची लोकर लावतो. मी म्हटलं आमच्याकडं एक इंजिनियर लिहितात त्यांना विचारते. तुम्हाला तिकडचं कळतं का?

उत्तर : काकू, उष्णता आणि पाणी तिकडं पण तेच नियम पाळतात, फक्त दिशा उलटी. आपल्याला बाहेरची उष्णता आत नको, त्यांना आतली बाहेर जायला नको. आपल्याला जमीन मित्र, त्यांना वरची तीन-साडेतीन फूट जमीन वैरी, कारण शिकागोला ती हिवाळ्यात गोठते, पाये ४२ इंच खाली न्यायचा नियमच आहे. म्हणून वर मी जुळे सोलापूरच्या वाचकांना भिंती झाकू नका म्हटलं, आणि जावईबापूंना सांगा की जरूर झाका. पण काचेची लोकर थेट काँक्रीटला लावून नाही. लोकरीतून हवा आरपार जाते, खोलीतली उबदार दमट हवा त्यातून मागच्या थंड भिंतीला भिडली की तिथं पाणी सुटतं आणि दोन हिवाळ्यांत लोकरीच्या मागं काळी बुरशी. काँक्रीटला लागून फोमची शीट हवी, एक्सपीएस किंवा तसलीच, सांधे टेप आणि सीलंटनं बंद करून. तिकडं उष्णता अडवायची ताकद आर-व्हॅल्यूत मोजतात, एक्सपीएसच्या एका इंचाला आर-५, आणि त्या भागातल्या बेसमेंटच्या भिंतीला सलग शीट लावायची तर बांधकामाच्या कोडमध्ये आर-१५ धरतात, म्हणजे तीन इंच झाले. शीटच्या पुढं अर्धा इंची जिप्सम बोर्ड पाहिजेच, फोम उघडा ठेवायचा नाही, आग लागली तर तो फार वाईट जळतो. आणि मध्ये प्लास्टिकचा कागद घालू नका म्हणावं.

पण भिंतीच्या पण आधी एक काम आहे, आणि गार पायांचं उत्तर बहुतेक तिथंच आहे. तिकडची घरं लाकडाची. काँक्रीटची भिंत संपते तिथं वर लाकडी तुळयांची चौकट बसवलेली असते, तिच्या बाहेरच्या फळीला रिम जॉइस्ट म्हणतात. त्या सांध्यातून घरभर वारा येतो. हिवाळ्यात घरातली गरम हवा वर चढते, माळ्याच्या फटींतून निघून जाते, तेवढीच गार हवा खालून बेसमेंटमधून ओढली जाते, म्हणून पाय गार आणि बिल गरम. जावईबापूंना सांगा, प्रत्येक दोन तुळयांच्या मधल्या खणात दोन इंची फोमचा तुकडा मापानं कापून बसवायचा आणि चारी कडा फोमच्या कॅननं बंद करायच्या. कंटाळवाणं काम आहे, खण मोजले तर कितीतरी निघतील, पण खर्चाच्या मानानं याच्याएवढा फायदा दुसऱ्या कशात नाही. सोबत माळ्यावरच्या फटी पण बंद करायच्या, नाहीतर ओढ चालूच राहते.

आता काकू, हे जरा नीट कळवा त्यांना, फोनवर घाईत नको. घर सील करायच्या आधी आणि नंतर रेडॉनची टेस्ट करायची. जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू आहे, रंग नाही वास नाही, फुप्फुसाच्या कॅन्सरचं कारण ठरतो, अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं लिटरला ४ पिकोक्युरी ही हद्द घातलीय, त्यापुढं गेलं तर फरशीखालून पाइप काढून पंख्यानं छपरावर सोडतात. टेस्टचं किट स्वस्तात मिळतं. दुसरं, बेसमेंटमध्ये गॅसची भट्टी आणि जुना गॅसचा वॉटर हीटर असेल तर घर घट्ट झाल्यावर त्याचा धूर चिमणीतून वर जायच्या ऐवजी घरात परतू शकतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक मजल्याला हवाच, आणि काम झाल्यावर जाणकाराकडून भट्टी तपासून घ्यायची. तिकडं दाराला मोठा पंखा बसवून घरातली हवा ओढून फटी शोधतात, ब्लोअर डोअर म्हणतात, आपल्या अगरबत्तीचाच थोरला भाऊ. बऱ्याच ठिकाणी वीज-गॅस कंपन्या ही तपासणी सवलतीत करून देतात, आधी ती करा आणि मग यूट्यूब. आणि हो, पन्हाळीचं पाणी भिंतीपासून लांब सोडलंय का ते पण विचारा, ते तिकडं पण पहिलंच.

प्रश्न : आमचं पूर्व भागात टॉवेल-चादरीचं गोडाऊन तळघरात आहे. पावसाळ्यात मालाला डाग पडतात, पार्टी माल परत करते. दोन मोठे एक्झॉस्ट चोवीस तास चालू असतात तरी फरक नाही. भिंती कोरड्या आहेत.

उत्तर : फरक नाही कारण एक्झॉस्टच तुमचं पाणी भरतोय. तो जेवढी हवा बाहेर टाकतो तेवढीच शटरखालून बाहेरची ओली हवा आत येते. सुताचा रिगेन, म्हणजे सुतात एरवी धरलेला ओलावा, ८.५ टक्के धरतात हे तुम्हाला मी काय सांगणार, पण दमट हवेत माल त्याच्यापेक्षा जास्त पाणी ओढून बसतो आणि गठ्ठ्याच्या मधोमध ते सुकतच नाही. झड असेल तेव्हा एक्झॉस्ट बंद. शटरच्या खालच्या फटीला रबर, बाजूच्या चॅनेलला ब्रश पट्टी, एक्झॉस्टला मागून आपोआप पडणारी झडप असलेलं लूव्हर. बंद केलेल्या जागेत डीह्युमिडिफायर लावा, त्याची पाण्याची नळी कायमची ड्रेनला जोडून टाका, नाहीतर टाकी भरली की तो बंद पडतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. ५५-६० वर सेट करा. माल फरशीवर नको, लाकडी पॅलेटवर, भिंतीपासून हातभर नाही तर निदान वीतभर सोडून, आणि ओलसर माल पॉलिथिनमध्ये गुंडाळून खाली आणायचाच नाही, वरच वाळवून मग बांधा. गोडाऊनला बाहेर पडायचा दुसरा रस्ता असेल तर तो सील करायच्या नादात बंद करू नका, सुताच्या मालाला आग लागल्यावर काय होतं हे आपल्या शहरात कोणाला सांगावं लागू नये.

प्रश्न : बाळीवेशीत आमचा जुना वाडा आहे, दगडी तळघर, उन्हाळ्यात फार गार. आता भिंतीला लोणा लागतोय, पांढरी पूड गळते. सिमेंटचा गिलावा करून टाकावा म्हणतोय, मग फोम मारून एकदम एअरटाइट. आत आजोबांच्या काळातली कपाटं आहेत, शिवाय इन्व्हर्टर आणि जादाचा सिलिंडर खालीच असतो, ते चालेल ना?

उत्तर : अण्णा, सिमेंट नको. दगड आणि चुन्याची भिंत ओल ओढते आणि परत हवेला सोडते, तुम्ही सिमेंट लिंपलं की ती सोडायची वाट बंद, मग ओल भिंतीतून वर चढते, तळघराच्या जागी पहिल्या मजल्यावर पोपडे. लोणा म्हणजे क्षार, पाणी सुकलं की मागं राहतात. कोरड्या ब्रशनं झाडून काढा, पाण्यानं धुऊ नका, ते परत आत जातात. सांधे चुन्यानं भरा, गिलावा पण चुन्याचाच. चुना भिजवून मळणारा जुना गवंडी शोधायला त्रास होईल, पण वाडा तुमचा आहे, घाई कोणाला आहे.

आणि एअरटाइटचं म्हणाल तर आपल्या जिल्ह्यात ही कला जुनीच आहे. मंगळवेढ्याकडं ज्वारी पेवात, म्हणजे जमिनीत खणलेल्या धान्याच्या कोठारात ठेवायचे, तोंडावर दगड आणि वर माती लिंपून, आत किडा जगायचा नाही. पण पेव उघडलं की लगेच कोणी उतरायचं नाही, तोंड उघडं टाकून आतली हवा जाऊ द्यायची आणि मगच माणूस खाली, कारण त्या हवेत माणूस पण जगत नाही. ज्वारीसाठी जे चांगलं ते माणसांसाठी नाही. तुमच्या तळघरात कोणी बसणार असेल तर फटी बंद करा पण ताजी हवा यायला एक आणि वापरलेली जायला एक अशी दोन ठरलेली भोकं ठेवा, झडप लावून, उघडायची कधी ते आपल्या हातात. एसी बाहेरची हवा आत घेत नाही, तो तीच हवा फिरवतो, हे पण लक्षात असू द्या.

इन्व्हर्टरची बॅटरी पाण्याची असेल तर चार्ज होताना हायड्रोजन सोडते, बंद जागेत तो साठतो, वर हवेशीर जागी हलवा. जनरेटर कधी आणला तर तो तळघरात किंवा त्याच्या झडपेजवळ सुद्धा नको. सिलिंडरचं तर विचारूच नका. एलपीजी हवेपेक्षा दीड-दोनपट जड, गळला की वर जात नाही, खाली बसतो, आणि तळघरातून त्याला बाहेर जायला वाट नसते. वर स्वयंपाकघरात गळला तरी जिन्यावरून पाण्यासारखा खाली उतरतो, तेव्हा जिन्याच्या दाराखाली ब्रशची पट्टी तुम्हाला पण लागेल. बाकी सगळं सवडीनं करा, चुना, सांधे, झडपा. सिलिंडर मात्र हे वाचून झालं की लगेच वर न्या, आणि नेताना खाली दिव्याचं बटण दाबू नका, वास येतोय का ते आधी जिन्यातच थांबून बघा.